आगरकोटातील एक दिवस : वाटाड्यावाचून चर्च पाहण्याविषयी

काही महिन्यांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील चार-पाच विद्यार्थी भेटायला आले होते. त्यांना चौल-रेवदंड्याची जुनी चर्च पाहण्यासाठी जायचे होते आणि प्रश्न एकच होता : "सर, तिथे गाइड कोण चांगला मिळेल?" मी म्हटले, "गाइड नको. त्याऐवजी आठ दिवस आधी ग्रंथालयात बसा." उत्तर थोडे तुसडे होते, हे मला नंतर जाणवले. त्यामागे माझी अशी एक भूमिका आहे आणि ती नुसत्या सल्ल्याच्या स्वरूपात सांगून भागण्यासारखी नाही. म्हणून हे टिपण.

प्रथम स्थळाविषयी. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता) किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस सुमारे सतरा किलोमीटरवर रेवदंडा आहे. कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी वसलेले हे गाव म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. त्याहून जुने चौल आत, उत्तरेकडे आहे. ग्रीक भूगोलकारांनी आणि अरब प्रवाशांनी आपापल्या उच्चारात ज्याचे नाव नोंदवले ते बंदर. पोर्तुगीजांनी १५१६ साली येथे वखार घातली आणि १५२१ पासून निजामशाहीच्या संमतीने कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने घातलेला वेढा या शहराने सोसला, त्यानंतर तटबंदी अधिक भक्कम झाली आणि पुढची पावणेदोनशे वर्षे तटाच्या आत एक संपूर्ण शहर नांदले. घरे, इस्पितळ, धर्मादाय संस्था, आणि मुख्यतः चर्च : जेझुइटांचे, फ्रान्सिस्कनांचे, डोमिनिकनांचे, ऑगस्टिनियनांचे, आणि या सर्वांत मानाचे 'मात्रिझ', म्हणजे आई-चर्च. १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले. शहरातील वस्ती पांगली, व्यापार आधीच मुंबईकडे सरकू लागला होता. छपरे कोसळली, लाकूड गेले, दगड इतरांच्या उपयोगी पडले. आज त्या शहरात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. लोक त्याला आगरकोट म्हणतात. आगर आणि कोट : या एका सामासिक शब्दात शहराची उत्तरकथा सामावलेली आहे.

तेव्हा 'शहरातील ऐतिहासिक चर्च पाहणे' या शब्दप्रयोगाला येथे एक विचित्र अर्थ येतो. शहर उरलेले नाही, आणि चर्चही जवळजवळ उरलेले नाही. दोघांची मिळून एक वाडी झाली आहे. अशा ठिकाणी पाहायचे तरी काय आणि कसे, हा प्रश्न मला वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न वाटतो. खंडित संहिता कशी वाचायची, हेच तर आपण एरवी शिकत आणि शिकवत असतो.

मी प्रथम तेथे गेलो तेव्हा वाटाड्या घेतला होता. वाटाड्या म्हणजे रिक्षावालाच, पण उत्साही आणि बोलका. त्याने मला दीड तासात सगळे दाखवले. एका पडक्या कमानीकडे बोट करून म्हणाला, "हा तुरुंग." दुसऱ्या ठिकाणी म्हणाला, "इथून भुयार जातं ते थेट समुद्रापलीकडे." उंच मनोऱ्यापाशी म्हणाला, "हा सातखणी बुरूज, इथून टेहळणी करायचे." मी मान डोलावत होतो, फोटो काढत होतो. घरी आल्यावर लक्षात आले, की आपण काहीच पाहिलेले नाही, फक्त ऐकलेले आहे. ज्याला तुरुंग म्हटले ती एका धर्मसंघाच्या मठातील खोली असावी, असे नंतरच्या वाचनावरून वाटले. मौज अशी, की 'तुरुंग' हा शब्दच मराठीत पोर्तुगीजांकडून आला. म्हणजे वाटाड्याच्या चुकीच्या वाक्यातही खऱ्या इतिहासाचा एक तुकडा शिल्लक होता. तो ओळखण्याची तयारी मात्र माझ्यापाशी नव्हती. दोष त्याचा नव्हता. रिकाम्या हातांनी गेलेला मीच होतो.

दुसऱ्या खेपेस मी एकटा गेलो, आणि जाण्याआधी दोन पुस्तके वाचून गेलो. एक, गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे विद्वान जे. जर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईच्या पुरातन अवशेषांवरील इंग्रजी पुस्तक (१८७६). दुसरे, कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर (१८८३). दोन्ही जुनी असल्याने आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. त्यांत एकेक अवशेष कोठे आहे, कोणत्या संघाचा आहे, किती पडला आहे, याचे वर्णन आहे. अर्थात ही पुस्तके म्हणजे वेदवाक्य नव्हे. द कुन्हा यांना पोर्तुगीज वैभवाची ओढ आहे आणि ऱ्हासाचे वर्णन करताना त्यांचा सूर हळवा होतो. गॅझेटियरचा सूर प्रशासकाचा : मोजमाप घ्यायचे, नोंद करायची, पुढे जायचे. या दोन सुरांतील अंतर ध्यानात ठेवून आपण प्रत्यक्ष भिंतीसमोर उभे राहिलो, की तिसरे वाचन सुरू होते, आणि ते आपले स्वतःचे असते.

उदाहरणादाखल तो सातखणी बुरूजच घ्या. आज त्याचे सात खण उरलेले नाहीत, काही मजलेच उभे आहेत. पण मूळ पोर्तुगीज परंपरेत हा संत बार्बाराचा मनोरा, फ्रान्सिस्कनांच्या मठाशी निगडित. संत बार्बारा ही ख्रिस्ती परंपरेत विजेपासून आणि स्फोटापासून रक्षण करणारी संत, म्हणून तोफखान्याचीही आश्रयदात्री. तिच्या कथेत तिला बापाने मनोऱ्यातच कोंडून ठेवलेले असते. म्हणजे 'मनोरा' आणि 'बार्बारा' यांचा संबंध योगायोगाचा नव्हे. मराठ्यांच्या हाती शहर आल्यानंतर या नावाचा अर्थ सांगणारे कोणी राहिले नाही. लोकांनी जे दिसले त्याला नाव दिले : सात खण आहेत म्हणून सातखणी, उंच आणि दगडी आहे म्हणून बुरूज. यात मी 'बुरूज' चूक आणि 'मनोरा' बरोबर असे म्हणणार नाही. लोकांनी केलेले ते एक वाचन आहे. धार्मिक वास्तूचे लष्करी वास्तूत केलेले भाषांतर म्हणा. परंतु ते भाषांतर आहे हे कळण्यासाठी मूळ संहिता ठाऊक असावी लागते. वाटाड्या आपल्याला केवळ भाषांतर देतो, आणि तेच मूळ आहे असे समजून आपण परततो.

आता प्रत्यक्ष दिवसाविषयी, कारण नियोजन हाही वाचनाचाच भाग आहे.

जावे ते पावसाळा ओसरल्यावर, शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात. पावसात भिंती निसरड्या होतात, रान माजते, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही बंद असतात. मुंबईकडून येणाऱ्यांनी सकाळच्या लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रो बोटीने (ही सेवा २०२० मध्ये सुरू झाली) मांडवा गाठावा, तेथून अलिबाग, आणि अलिबागच्या स्थानकातून रेवदंडा किंवा मुरूडकडे जाणारी एसटी. ही एसटी रेवदंड्याच्या तटातूनच आत शिरते. बहुतेक प्रवासी त्या क्षणी मोबाइलमध्ये पाहत असतात. माझी सूचना अशी, की तटाच्या अलीकडे उतरावे आणि शहरात पायी प्रवेश करावा. शहराचा दरवाजा हा त्या शहराचा पहिला परिच्छेद असतो. तो गाळून पुस्तक वाचू नये.

हे सारे दिवसाउजेडी करावे. कारणे साधी आहेत. अवशेष वाड्यांमध्ये विखुरलेले आहेत. तेथे दिवे नाहीत, पायाखाली पालापाचोळा, साप-किरडू असू शकते, आणि दगड निसटते आहेत. याखेरीज आणखी एक कारण आहे. पडक्या वास्तूत छप्पर नसल्याने उन्हाची तिरीप भिंतीवर कशी सरकते यावरून पुष्कळसे उलगडते : लाकडी तुळयांसाठी ठेवलेली भोके, गिलाव्याखालचा दगड, बुजवलेला कोनाडा, कमानीचा मधला दगड. सकाळी नऊच्या उन्हात न दिसलेली खोबण अकरा वाजता दिसते. म्हणून एकाच अवशेषापाशी किमान तासभर बसण्याची तयारी ठेवावी. पाच अवशेष धावत पाहण्यापेक्षा दोन अवशेष बसून पाहणे श्रेयस्कर. माझ्या मते मात्रिझची जागा आणि सातखणी या दोन गोष्टी सकाळसाठी पुरेशा आहेत. उरलेला वेळ तटावरून समुद्राच्या बाजूने फिरण्यात घालवावा.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वाड्या म्हणजे कोणाची तरी मालमत्ता आहे, तेथे माणसे राहतात, सुपारी वाळत घातलेली असते, विहिरीवर बायका पाणी भरत असतात. 'ऐतिहासिक वास्तू' हा शब्द उच्चारला म्हणजे कोणाच्याही अंगणातून जाण्याचा परवाना मिळत नाही. "काकू, आत जाऊन भिंत बघू का?" एवढे विचारले तर आजवर मला कोणी नाही म्हटलेले नाही. उलट दोनदा ताक मिळाले. एका आजींनी सांगितले, की लहानपणी त्या पडक्या 'देवळात' लपाछपी खेळत. त्यांनी चर्चला देऊळच म्हटले. कोणत्याही पुस्तकात ही नोंद नाही. वाटाड्या बरोबर असता तर त्या माझ्याशी बोलल्या नसत्या, त्याच्याशी बोलल्या असत्या.

दुपारी जेवण करून साळावचा पूल ओलांडावा आणि खाडीपलीकडच्या कोर्लई गावी जावे. अंतर पाच-सहा किलोमीटरचे. डोंगरावरील किल्ला प्रसिद्ध आहे, परंतु मी सांगतो आहे ते गावातील माउंट कार्मेल मातेच्या चर्चविषयी. हा क्रम मी मुद्दाम सुचवतो : आधी मेलेले चर्च, मग जिवंत चर्च. सकाळी ज्या वास्तूंचे केवळ सांगाडे पाहिले, त्यांत काय घडत असे याची कल्पना दुपारी येते. बाके आहेत, मेणबत्त्या आहेत, फुले आहेत, प्रार्थनेच्या वेळा आहेत. त्या वेळा टाळून जावे, किंवा प्रार्थनेलाच बसायचे असेल तर शेवटपर्यंत बसावे. मधेच उठून कॅमेरा काढू नये. चप्पल, टोपी, आवाज यांविषयी आपण देवळात जे पाळतो तेच येथे पाळले म्हणजे झाले.

कोर्लईचे खरे आश्चर्य कानांसाठी आहे. पोर्तुगीज सत्ता १७४० साली येथून गेली, पण पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली या गावातील ख्रिस्ती कुटुंबांत आजही बोलली जाते. बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. भाषावैज्ञानिकांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे, जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचे १९९६ सालचे पुस्तक त्यावरच आहे. शब्दसंपत्ती बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठीकडे वळलेली : क्रियापद शेवटी येते. बोलणारे सर्वजण मराठीही बोलतात, शाळेत मराठीच शिकतात.

येथे मला गोव्यातील एक गोष्ट आठवते. १६८४ साली तेथील पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीजचा अंगीकार करावा. फर्मान निघाले, पण लोकांनी भाषा सोडली नाही, कोंकणी टिकली. आणि येथे, जेथे पोर्तुगीजांची सत्ता समूळ गेली, कोणतेही फर्मान नव्हते, राज्य मराठ्यांचे आणि नंतर आंग्रे-इंग्रजांचे, तेथे पोर्तुगीजची एक लेक पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ मराठीच्या शेजारी राहिली. भाषा कशाने जगते आणि कशाने मरते याविषयी आपण चर्चासत्रे भरवतो. त्यांतील कोणत्याही निबंधापेक्षा या दोन घटना शेजारी ठेवून पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

परंतु येथेच विद्यार्थ्यांना सावध करणे भाग आहे. कोर्लईचे लोक म्हणजे नमुने नव्हेत. "जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा ना" ही मागणी त्यांनी शेकडो पाहुण्यांकडून ऐकली असेल. आपल्या घरी येऊन कोणी "जरा मराठीत बोलून दाखवा" म्हटले तर आपल्याला कसे वाटेल, याचा विचार करावा. कोणी स्वतःहून बोलले तर ऐकावे. नाहीतर दुकानात चहा घेत बसावे. ऐकू येते.

या भूमिकेवर दोन आक्षेप येतील, हे मी जाणून आहे.

पहिला : वाटाड्या नको म्हणणे म्हणजे स्थानिक माणसाच्या रोजगारावर आणि ज्ञानावर गदा आणणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. रेवदंड्याला उत्तम माहितगार नाहीत असे मी म्हणत नाही. ज्यांनी तट न् तट पायाखाली घातला आहे अशी माणसे तेथे आहेत. पण माहितगार आणि वाटाड्या यांत फरक आहे. माहितगाराशी संवाद करायचा तर आपल्याजवळ प्रश्न हवेत, आणि प्रश्न पूर्वतयारीतून येतात. म्हणून पहिली फेरी एकट्याने, दुसरी फेरी माहितगारासह, हा क्रम मला योग्य वाटतो. खर्च करायचाच तर तेथे खानावळीत जेवा, वाडीतली सुपारी विकत घ्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही चर्च सत्तेची आणि सक्तीच्या धर्मांतराची केंद्रे नव्हती काय? गोव्याचे इन्क्विझिशन १५६० ते १८१२ या काळात (मधला थोडा खंड वगळता) चालले आणि त्याचा अधिकार उत्तरेकडील ठाण्यांवरही होता. मग त्यांच्या भिंतींपाशी बसून हळवे होण्याचे कारण काय? माझे उत्तर असे, की हळवे होऊच नये. वाचावे. सत्तेची वास्तू ही सत्तेचीच वास्तू म्हणून वाचावी : तटाची जाडी आणि चर्चची उंची एकाच नजरेत घ्यावी, दरवाज्यावरील राजचिन्ह आणि आतला क्रूस यांचे नाते तपासावे. आणि तीच तपासणी आपल्या विजयाचीही करावी. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चर्चमधील घंटा देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, आणि ती आपण अभिमानाने दाखवतो. रेवदंड्याच्या पडक्या मनोऱ्यापाशी उभे राहिल्यावर मला नेहमी त्या घंटेची आठवण होते. घंटा आपल्याला हवी होती, मनोरा नको होता. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. जेत्यांनी सर्वत्र हेच केले आहे. पण ते आपणही केले, हे ठाऊक असावे.

आणि आता ज्यासाठी हे सारे लिहिले तो मुद्दा. मराठीच्या अभ्यासक्रमात फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण (१६१६) असते. विद्यार्थी त्यावर टीप लिहितात : इंग्रज जेझुइट, राचोल येथे छापलेले, रोमन लिपी, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीची स्तुती. पाच गुण मिळतात. ज्या ओव्या चर्चमध्ये मोठ्याने वाचल्या जात, श्रद्धेने ऐकल्या जात, त्यांचा आवाज कोठे घुमत असेल याची कल्पना त्या टिपणात कोठेच नसते. परिणामी ते काव्य आपल्याला परक्याने केलेली एक कसरत वाटते, आणि त्यानंतर बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई ही नावे मधूनमधून भेटणारे अपवाद वाटतात. २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा जो वाद उठला त्याचे मूळ या अपरिचयात होते, असे मला आजही वाटते. चारशे वर्षे मराठीत लिहिणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या एका समाजाला आपण पाहुणा समजत होतो.

हा अपरिचय व्याख्यानाने जाणार नाही. तो कदाचित एका दिवसाच्या पायपिटीने थोडासा कमी होईल. ख्रिस्तपुराण गोव्यात रचले गेले, रेवदंड्यात नव्हे, हे मला मान्य आहे. पण गोव्याची जुनी चर्च आज इतकी शाबूत आणि इतकी पर्यटकांनी भरलेली आहेत, की तेथे पाहणेच अवघड होते. रेवदंड्यात छप्पर नाही, फलक नाही, तिकीट नाही. पाहणाऱ्यालाच सगळे काम करावे लागते. विद्यार्थ्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

त्या विद्यार्थ्यांपैकी तिघे डिसेंबरात जाऊन आले. त्यांतल्या एकीने वहीत मात्रिझच्या जागेचा आराखडा काढून आणला होता. पावलांनी मोजलेला, पुष्कळसा चुकलेला. एका बाजूला तिने लिहिले होते : 'येथे काय असेल?' आणि खाली तीन शक्यता, प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह. ती वही मी वर्गात फिरवली. वाटाड्याबरोबर गेलेल्याच्या वहीत प्रश्नचिन्हे नसतात.